उत्तर येत नव्हतं तेव्हा

भुईगाव, वसई
२६ जानेवारी २०२५

प्रिय स्वप्ना मॅडम,

तुम्ही मला ओळखत नाही. मी कार्मिन तुस्कानो, ॲनिशाची आई. दोन आठवड्यांपूर्वी तुमच्या विमानतळावर धुक्यातून जे छोटं शिकाऊ विमान तुम्ही सुखरूप खाली आणलंत, त्यात एकटी बसलेली मुलगी माझी.

ॲनिशाचे वडील निकोलस म्हणत होते, पत्र कसलं लिहितेस, सरळ फोन कर. पण मला ठाऊक आहे, 'हॅलो' म्हटलं की मी रडणार आणि तुम्ही पलीकडे ताटकळत बसणार. जन्मभर मराठी शाळेत मुलांना पत्रलेखन शिकवलं, मायना चुकला की मार्क कापले. आज मलाच चार वेळा कागद फाडावा लागला. आभार कसे मानतात, ते आम्ही पुस्तकातून शिकवतो. पण पोर परत मिळाल्यावर काय लिहायचं, याचा धडा कुठल्याच पुस्तकात नव्हता.

ॲनिशाने आम्हाला एवढंच सांगितलं: "मम्मी, माझा रेडिओ बिघडला. मला बोलता येत नव्हतं. टॉवरमधल्या स्वप्ना मॅडम बोलत राहिल्या आणि मी उतरले." बस्स. ही मुलगी लहानपणी शाळेतून आली की चपला काढायच्या आधी बोलायला लागायची. असो. दमली असेल. काही दिवस घरी आली आहे, विश्रांती झाली की परत जाईल.

मागच्या रविवारी मी चर्चमध्ये तुमच्यासाठी मिस्सा ठेवली, म्हणजे प्रार्थनेत तुमचं नाव वाचायला दिलं. फादरांनी पूर्ण नाव विचारलं. मी म्हटलं, "स्वप्ना. आडनाव देवाला ठाऊक." ते हसले आणि त्यांनी तसंच वाचलं. नंतर ॲनिशाकडून आडनाव कळलं, तेंडोलकर. पण त्यामुळे देवाची काही पंचाईत झाली असेल असं वाटत नाही.

सोबत आमच्या वाडीतली सुकेळी पाठवते आहे. राजेळी केळी उन्हात सुकवून पानात बांधलेली आहेत. टॉवरमध्ये सगळ्यांना द्या.

तुमची ऋणी,
कार्मिन तुस्कानो


८ फेब्रुवारी २०२५

आदरणीय कार्मिनबाई,

तुमचं पत्र आणि सुकेळी मिळाली. टॉवरच्या पत्त्यावर परिपत्रकांशिवाय काही येत नाही. हाताने लिहिलेलं पाकीट पाहून शिपायाने ते दोन वेळा उलटसुलट केलं. सुकेळी बघून मला भरून आलं, कारण मी मूळची तुमच्याकडचीच आहे. आमचं घर माणिकपूरला. आई-बाबा अजून तिथेच असतात. कॉलेजात असताना आम्ही मैत्रिणी सायकलवरून भुईगावच्या समुद्रावर यायचो. ॲनिशालाही हे माहीत आहे. ती पहिल्यांदा टॉवर बघायला आली, तेव्हा आडनाव ऐकून मीच विचारलं होतं, "वसईची का गं तू?"

तुम्ही माझे आभार मानू नयेत अशी विनंती आहे. मी माझं काम केलं. त्या सकाळी धुकं अचानक वाढलं, म्हणून मी सरावाला गेलेल्या सगळ्या विमानांना परत बोलावलं. बाकीची आली. ॲनिशाचं विमान धरणाच्या बाजूला होतं आणि तिच्याकडून उत्तर येत नव्हतं. आमच्या छोट्या विमानतळावर रडार नाही. पायलट बोलला आणि आम्हाला डोळ्यांनी दिसलं, तरच विमान कुठे आहे ते कळतं. त्याच वेळी एक प्रवासी विमान उतरायला येत होतं. ते मी दूर उंचावर थांबवलं आणि ॲनिशाला रेडिओवरून वाट सांगत राहिले. काही वेळाने ती धुक्यातून बाहेर आली. मी म्हटलं, ऐकू येत असेल तर पंख हलव. तिने पंख हलवले. आम्ही उतरायच्या परवानगीचा हिरवा दिवा दाखवला, ती उतरली.

खरी हिंमत तिची. एवढ्या धुक्यात पहिल्या प्रयत्नात धावपट्टीच्या मधोमध उतरली. तिला सांगा, इथले सगळे तिच्या लँडिंगबद्दल बोलतात.

अजून तिचं नाव उड्डाणांच्या फळ्यावर दिसलं नाही. कधी येते आहे? माझं काम नेहमीप्रमाणे चालू आहे.

आपली,
स्वप्ना तेंडोलकर


भुईगाव
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय स्वप्ना,

आता तुला अगं-तुगं करते, कारण मी तुझ्या आईच्या हातचा चहा पिऊन आले आहे.

तुझ्या पत्रात माणिकपूर वाचलं आणि मला राहवेना. निकोलसना म्हटलं, "ज्या बाईने अशी मुलगी वाढवली, तिला मला बघायचंय." रविवारच्या मिस्सानंतर आम्ही फुलं घेऊन निघालो. तेंडोलकरांचं घर विचारत विचारत, तीन चुकीच्या बिल्डिंगा चढून एकदाचे पोचलो. तुझ्या आईनेच, मनोरमाताईंनी, दार उघडलं. मी कोण ते सांगितलं, तर त्यांनी आधी माझ्या हातातली फुलं घेतली. मग म्हणाल्या, "म्हणजे त्या विमानातली मुलगी तुमची?" आणि माझा हात धरून आत घेऊन गेल्या. आधी कोण रडलं ते विचारू नकोस. दोन्ही नवरे गॅलरीत जाऊन पाण्याच्या टाकीबद्दल बोलत उभे राहिले.

मग तुझ्या आईने सांगितलं. तू त्या दिवसापासून माईकवर बसलेली नाहीस. स्वतःच सांगून कागदपत्रांच्या टेबलावर बदली मागून घेतलीस. घरी फोन केलास तरी दोन शब्दांत बोलतेस. "विचारलं तर म्हणते, काम नेहमीप्रमाणे चालू आहे," असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "मलाही तेच लिहिलंय."

तुझं खरं मला कळलं, तर आता माझंही खरं ऐक. ॲनिशा विश्रांतीला आलेली नाही. ती सोडून आली आहे. मागच्या आठवड्यात तिने तिचा गणवेशाचा पांढरा शर्ट घड्या घालून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवला आणि म्हणाली, "मम्मी, मी बी.एड. करीन. तुझ्यासारखी टीचर होईन." आणि स्वप्ना, मी काय म्हणाले असेन? म्हटलं, "कर हो बाळा, फार चांगलं." रात्री जेवणात तिच्या आवडीचं कोंबडीचं इंद्याल केलं. शेजारची विनी म्हणाली, "पोरगी काय आता घरीच?" तर मी अशी काही आनंदाने "हो" म्हटलं, जणू तिचं लग्न ठरलंय.

ती सकाळी वाडीत बापाच्या मागे फिरते, फुलं तोडते, जेवते. पण वरून विमान गेलं की मान खाली घालते. पूर्वी ही मुलगी हातातलं काम टाकून वर बघायची. मी हे रोज बघते आणि काही बोलत नाही, कारण माझी मुलगी जमिनीवर आहे आणि मला रात्री झोप लागते.

तुला का लिहिते आहे, ते मलाच ठाऊक नाही. तुझी आई मला म्हणाली, "तुम्ही तिला लिहा. माझ्याशी ती बोलणार नाही." म्हणून लिहिलं.

तुझी,
कार्मिनमावशी


५ मार्च २०२५

प्रिय कार्मिनमावशी,

तुमचं पत्र आठ-दहा वेळा वाचलं. आईला फोन केला. बराच वेळ बोललो. त्याबद्दल आधी तुमचे आभार.

आता खरं लिहिते. त्या सकाळी माझ्या शेजारी जितेंद्र सर होते. आमचे सीनियर, शांत माणूस. मी ॲनिशाला हाक मारत होते, काही उत्तर नाही. सर म्हणाले, "स्वप्ना, जरा थांब. ती बोलायचा प्रयत्न करत असेल. तू सारखी बोललीस तर तिचं क्षीण काही आलं तरी ऐकू येणार नाही." त्यांचं बरोबर होतं. आम्हाला तसंच शिकवलेलं आहे. मी थोडी थांबायचे, कान देऊन ऐकायचे. कानात नुसती खरखर. आणि मग मला ते सहन व्हायचं नाही. मला वाटायचं, तिला ऐकू येत असेल आणि कुणीच बोलत नसेल तर? मी पुन्हा सुरू करायचे. धरण, कालवा, हायवे, पेट्रोल पंप, धावपट्टी. हीच वाट पुन्हा पुन्हा. आधी इंग्रजीत. मग कधी मराठीत शिरले ते मलाच कळलं नाही. सर नंतर म्हणाले, "तिला तुझं ऐकू येत नाहीये, पोरी." तरी मी थांबले नाही.

ती उतरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली जाऊन पाणी प्यायले.

मग चौकशी झाली. ती होतेच, त्यात कुणाचा राग नव्हता. त्यांनी विचारलं, "उत्तर येत नव्हतं, तर इतका वेळ बोलत का राहिलात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते पुढच्या प्रश्नावर गेले. मी मात्र तिथेच अडकले. रेडिओ बिघडल्याचं तुम्ही लिहिलंत, पण तो पूर्ण गेला होता की अधूनमधून चालत होता, ते मला कुणी सांगितलं नाही. मावशी, ॲनिशा तेव्हा काही सांगत असेल तर? 'मला दिसत नाहीये', 'मी खाली चाललेय', असं काही? आणि माझ्याच आवाजाखाली तिचा आवाज दाबला गेला असेल तर? ती वाचली ती माझ्यामुळे की मी बोलत असूनही? दुसऱ्या दिवशी मी माईकसमोर बसले. एका पायलटने हाक मारली. मला बटण दाबता येईना. जितेंद्र सरांनी माझ्या हातातून माईक घेतला आणि कुणाला काही न दाखवता त्याला उत्तर दिलं.

मला ॲनिशाला एकच विचारायचं आहे. तिला माझा आवाज कधीपासून ऐकू येत होता? तिच्यावर जबरदस्ती करू नका. तिला ती सकाळ आठवायची नसेल, तर हे पत्र तुमच्यापाशीच ठेवा. आणि ती घरी आहे म्हणून तुम्हाला झोप लागते, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. माझ्या आईला विचारा.

तुमची,
स्वप्ना


भुईगाव
१४ मार्च २०२५

डिअर स्वप्ना मॅडम,

मम्मीने तुमचं पत्र मला वाचायला दिलं. स्वयंपाकघरात, भात उतरवता उतरवता. म्हणाली, "वाच आणि तुला वाटलं तर लिही." मी आधी वाचून पाठी वाडीत गेले. मग आत येऊन लिहायला बसले. माझं मराठी शुद्ध नाही, मम्मी तपासणार होती, मी नको म्हटलं.

मॅडम, तुम्ही माझा आवाज दाबला नाही. माझा आवाज निघतच नव्हता. आमच्या फ्लाइंग स्कूलच्या गॉडफ्रे सरांनी नंतर रेडिओ उघडला. त्यातला पाठवायचा भाग पूर्ण गेला होता. मी कितीही ओरडले असते तरी एक अक्षर तुमच्यापर्यंत आलं नसतं. हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही याचं मला खूप वाईट वाटतंय. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल.

आता दुसरं सांगते. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

तुम्ही सगळ्यांना परत बोलावलंत ते मी नीट ऐकलं. मी उत्तर दिलं. तुम्ही पुन्हा विचारलंत, मी पुन्हा दिलं. मग माझ्या लक्षात आलं की माझं काही पोचत नाहीये, आणि मी घाबरले. बोलायचं बटण दाबलेलं असलं की आपल्याला समोरचं ऐकू येत नाही. पहिल्या आठवड्यात शिकवतात. मला माहीत होतं. तरी मी ते बटण अंगठ्याने दाबलं आणि सोडलंच नाही. 'टॉवर, टॉवर' ओरडत होते. मग 'मॅडम'. मग 'मम्मी'. माझ्या कानात काहीच नव्हतं, म्हणून मला वाटलं रेडिओ पूर्ण मेला आणि तुम्ही सगळे मला सोडून गेलात. खाली धरणाचं पाणी आणि धुकं एका रंगाचं झालं होतं. मी नुसती गोल गोल फिरत होते. किती वेळ, माहीत नाही. विमान कधी सरळ आहे आणि कधी कलतंय, तेही समजेना.

मग घामाने अंगठा घसरला. बटण सुटलं. आणि कानात तुमचा आवाज आला, वाक्याच्या मध्येच. "...बोलू नकोस बाळा, फक्त ऐक. धरणाची भिंत शोध. भिंतीच्या टोकाला कालवा सुरू होतो. तो धर आणि सोडू नको." तुमचा आवाज बसला होता. त्यावरूनच मला कळलं की तुम्ही केव्हाच्या बोलताय. मी रडायला लागले, पण हात थांबले. आधी विमान सरळ केलं. भिंत दिसली. कालवा दिसला. पुढे हायवे, पेट्रोल पंप, सगळं तुम्ही म्हणालात तसं एकामागून एक येत गेलं. मी बटणाला परत हात लावला नाही.

मॅडम, तुम्ही तेव्हा थांबला असतात, तर अंगठा घसरल्यावर मला शांतता ऐकू आली असती. मी परत बटण दाबून धरलं असतं. पुढचं मी विचार करत नाही. जितेंद्र सर म्हणाले ते बरोबर होतं, मला खरंच ऐकू येत नव्हतं. पण मग यायला लागलं, आणि तेव्हा तुम्ही होतात.

मी सोडलं ते भीतीने नाही. लाज वाटली म्हणून. सगळे म्हणत होते, काय लँडिंग, काय हिंमत. आणि मी तर मूर्खासारखी बटण धरून बसले होते. हे सांगितलं तर म्हणतील, हिला पायलट कुणी केलं? आज मम्मीला सांगितलं. मम्मी म्हणाली, "घाबरलेली मुलं बोलतच राहतात, ऐकत नाहीत. वर्गात रोज बघितलंय. म्हणून काय त्यांना शाळेतून काढून टाकतात?"

थँक यू, मॅडम. हे मी त्या दिवशी टॉवरमध्ये येऊन सांगायला पाहिजे होतं. जिन्यापर्यंत आले होते.

ॲनिशा


२४ मार्च २०२५

प्रिय ॲनिशा,

तुझं पत्र मी टॉवरच्या जिन्यातच उभी राहून वाचलं. मग वर जाऊन जितेंद्र सरांना दिलं. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं, घडी घालून मला परत दिलं आणि म्हणाले, "बरं झालं तू माझं ऐकलं नाहीस."

बटणाचं तू तुझ्या इन्स्ट्रक्टरला सांग. लाज म्हणून नाही. पुढच्या बॅचच्या मुलांना हे कुणीतरी सांगायला हवं, आणि पुस्तकात वाचलेलं आणि तुझ्या तोंडून ऐकलेलं यात फरक आहे. मी चौकशी समितीला लिहिलं आहे की त्यांच्या त्या प्रश्नाचं उत्तर आता मला मिळालं. तुझी परवानगी असेल, तरच तुझं पत्र जोडीन.

परवापासून मी पुन्हा माईकवर बसते आहे. सध्या सर शेजारी असतात. काल एका पायलटला वारा सांगितला. एवढंच, वाऱ्याची दिशा आणि वेग. तो 'थँक यू, मॅडम' म्हणाला, तसं ते सगळेच म्हणतात. मला मात्र त्याला चहाला बोलवावंसं वाटलं.

तू यावंस असं मी म्हणणार नाही. ते तू आणि मावशी ठरवा. पण माझ्यावरचं ओझं तू उतरवलंस, त्याबद्दल तुझे मनापासून आभार.

तुझी,
स्वप्ना मॅडम


भुईगाव
२८ एप्रिल २०२५

प्रिय स्वप्ना,

ईस्टर झाला आणि आज ॲनिशाला गाडीत बसवून आले.

सगळं सांगते, नाहीतर ती तुला सांगेल की मम्मी शूर होती. मी शूर नव्हते. पवित्र आठवड्यात ती एका संध्याकाळी म्हणाली, "मम्मी, मी परत जाऊ?" मी म्हटलं, "मला नको विचारूस. पप्पाला विचार." निकोलस म्हणाले, "मला नको विचारूस. मम्मीला विचार." पोरगी आमच्या दोघांमध्ये उभी राहून हसायला लागली. कितीतरी दिवसांनी हसली. मी तिथेच हरले.

पण त्यानंतरही मी आडून आडून प्रयत्न केला. म्हटलं, बी.एड.चा फॉर्म अजून भरता येईल. म्हटलं, उन्हाळा आहे, पावसाळ्यानंतर जा. शेवटी निकोलसच म्हणाले, "कार्मिन, त्या मुलीने आपल्या मुलीशी बोलणं थांबवलं नाही, म्हणून ती आज इथे आहे. आणि आता तू तिचं ऐकणं थांबवतेस का?" हा माणूस वर्षातून एकदा बोलतो, पण बोलतो ते असं.

पांढरा शर्ट मीच कपाटातून काढला. कडक इस्त्री केली. स्टेशनवर तिने मला मिठी मारली. मी म्हटलं, "जाताना वर बघ हां." काय बोलले ते माझं मलाच कळलं नाही, पण तिला कळलं.

आता घरी आले आहे. निकोलस वाडीत पाणी सोडताहेत. घर फार शांत आहे. स्वप्ना, तू तिथे आहेस, म्हणून मी तिला पाठवू शकले. आता मला रात्री झोप लागेल की नाही, ठाऊक नाही. लागली नाही तर तुझ्या आईला फोन करीन. आम्ही दोघींनी तसं ठरवलंच आहे.

तुझी,
कार्मिनमावशी


१२ मे २०२५

प्रिय मावशी,

हे पत्र ॲनिशाच्या फोननंतर तुम्हाला मिळेल, म्हणजे बातमी तुम्हाला आधीच कळलेली असेल. तरी माझ्या बाजूने सांगते, कारण ती बाजू तिला दिसली नाही.

आधीचे काही दिवस ती इन्स्ट्रक्टरबरोबर उडाली. आज सकाळी पहिल्यांदा एकटी. हवा स्वच्छ होती, दूरवरचं धरणसुद्धा चमकताना दिसत होतं. फळ्यावर तिचं नाव बघून मी जितेंद्र सरांना म्हटलं, "तुम्ही बसता का?" ते म्हणाले, "मी कॅंटीनला चाललोय," आणि खरंच निघून गेले.

मी हेडफोन लावला. मग तिचा आवाज आला. विमानाचा नंबर, सोलो, उड्डाणाची परवानगी मागते आहे. अगदी पुस्तकी इंग्रजी, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी तितक्याच पुस्तकी इंग्रजीत परवानगी दिली. त्यानंतर धावपट्टीवरून ती उचलली गेली आणि मी खुर्चीतून उठून उभी राहिले. तिने धरणाच्या बाजूला वळून 'सगळं ठीक' असं कळवलं. मी 'समजलं' म्हटलं. प्रत्येक वेळी मी बोलले की ती बोलली, ती बोलली की मी. बाहेरच्या कुणाला त्यात काहीही विशेष वाटलं नसतं.

उतरून ती टॉवरचा जिना चढून वर आली. केस विस्कटलेले, शर्ट घामाने भिजलेला. माझ्या समोर उभी राहिली. आम्हा दोघींना बोलायला काही सुचेना. तेवढ्यात जितेंद्र सर तीन चहा घेऊन आले, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अहो, दोघींपैकी कुणीतरी बोला आता!" तेव्हा आम्ही हसलो आणि मग रडलो, आणि चहा पार थंड झाला.

मावशी, तुम्ही पहिल्या पत्रात माझे आभार मानलेत आणि मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की मानू नका. आता तसं लिहिणार नाही. तुमचे आभार मी आनंदाने घेते. आणि माझेही तुम्ही घ्या. मी त्या दिवशी धुक्यात फक्त बोलत होते. वाट सांगायला मला शिकवलेलं होतं. तुम्ही मात्र मुलीला पुन्हा गाडीत बसवून घरी आलात. ते तुम्हाला कुणीच शिकवलेलं नव्हतं.

तुमची,
स्वप्ना